रोजच्या गाडीला लिफ्ट किती आणि कशी: सोलापुरात नव्यानं फोर बाय फोर घेतलेल्यांसाठी

थार, जिमनी, गुरखा नाहीतर सेकंडहँड बोलेरो घेतली की दोन-तीन महिन्यांत डोक्यात एकच विषय सुरू होतो, गाडी थोडी उचलून घ्यावी का. मग गॅरेजवाला म्हणतो तीन इंच टाका साहेब, मित्र म्हणतो दोन बास, कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवतं ज्यात चार इंच उचललेली गाडी दगडावर चढायलीय, आणि नवा माणूस पार गोंधळून जातो. हे लिहितोय ते अशा माणसासाठी ज्याची गाडी आठवडाभर होटगी रोड, सात रस्ता, शाळा, मार्केट यार्ड अशी फिरते, अधूनमधून हायवेनं पुण्याला जाते, आणि सुट्टीच्या दिवशी शेतावर नाहीतर उजनीच्या काठाला. अशा गाडीसाठी माझं मत ठाम आहे, ४० ते ५० मिलीमीटर म्हणजे दीड ते दोन इंच, त्याच्या वर जायचं नाही, आणि तेवढंही मोजमाप केल्याशिवाय करायचं नाही. बऱ्याच जणांना तर मोजल्यावर कळतं की लिफ्टच नको होती, टायर बदलले तरी काम झालं असतं.

पायरी १: गाडी नेमकी कुठं घासते ते आधी बघा

पैसे खर्च करायच्या आधी महिनाभर गाडी आहे तशी चालवा, आणि जिथं जिथं खालून आवाज आला तिथं उतरून बघा काय लागलं. पुढचा बंपर लागला का, मधलं पोट लागलं का, मागची टो-हूक लागली का, का मागच्या अॅक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मध्यातला डिफरन्शियलचा, म्हणजे गिअर असलेला, गोळा लागला. हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण घ्या. मोहोळ, माढा, पंढरपूर, करमाळा कुठंही जा, हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतरस्त्यानं ये-जा करून दोन खोल चाकोऱ्या पाडतात आणि मधे काळ्या मातीचा कठीण उंचवटा राहतो, वाळला की तो दगडासारखा होतो, वर गवत वाढलेलं असतं म्हणून दिसतही नाही. गाडी त्या चाकोरीत उतरली की मधला उंचवटा पहिला धरतो तो मागच्या गोळ्याला. आता नवीन माणूस म्हणतो लिफ्ट करू म्हणजे गोळा वर जाईल. जात नाही! सरळ अॅक्सल असलेल्या गाडीत गोळा अॅक्सललाच आहे आणि अॅक्सल टायरवर उभा आहे, स्प्रिंग उंच केली तर अॅक्सलच्या वरची चासी आणि बॉडी उचलते, अॅक्सल जिथल्या तिथं. गोळा वर न्यायचा एकच मार्ग, टायर मोठा करायचा, आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मंच गोळ्याखाली मिळतं. म्हणजे तुमची अडचण जर उसाच्या चाकोऱ्या हीच असेल तर दोन इंच लिफ्ट करूनही गोळा तिथंच घासणार, फक्त गाडी उंच दिसणार. तिथं सगळ्यात सोपा उपाय, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं चाकोरीच्या बाहेर कडेला ठेवून जायचं, जे फुकट आहे.

पण जर पोट टेकत असेल, म्हणजे कॅनॉलच्या बांधावर चढून लगेच उतरताना, किंवा ओढ्यात उतरताना पुढचा बंपर मातीत घुसत असेल, तर तिथं लिफ्टचा खरा उपयोग आहे. पाच दारांच्या जिमनीचं उदाहरण बघा, पुढचा अॅप्रोच अँगल (नाक न लागता किती चढ घेता येतो) ३६ अंश, मागचा डिपार्चर (मागची बाजू न लागता उतरायचा) ५० अंश, पण मधला ब्रेकओव्हर (पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा) २४ अंशच, कारण दोन चाकांतलं अंतर वाढलंय. नव्या थारचे हेच आकडे साधारण ४१.८, ३६.८ आणि २७. म्हणजे जिमनीवाल्याचं पोट आधी टेकणार आणि थारवाल्याचंही फार मागं नाही. हा मधला आकडा लिफ्टनं सुधारतो.

आणि चिखल? पावसाळ्यातली आपली काळी माती, तिच्यात लिफ्ट काहीच कामाची नाही. ती माती टायरच्या खाचांत भरून बसते, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी आडवी सरकायला लागते, कितीही उंच असली तरी. ओल्या काळ्या रानात गाडी घालायचीच नाही, दोन दिवस ऊन पडू द्या. उजनीचं पाणी ओसरल्यावर उघडं पडलेलं गाळाचं रान पण तसंच, वरून पापुद्रा वाळलेला आणि खाली भुसभुशीत, तिथं आधी पायी चालून बघायचं. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला मोकळं माळरान दिसलं म्हणून गाडी गवतात घालू नका, ते संरक्षित क्षेत्र आहे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत तिथं.

पायरी २: टेप घ्या आणि मोजा

हे कुणीच करत नाही आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. सपाट फरशीवर किंवा पेट्रोल पंपाच्या काँक्रीटवर गाडी लावा, टायरमधली हवा कंपनीनं सांगितली तेवढी करा, टाकी फुल्ल, गाडी दहा-पंधरा फूट पुढं-मागं घ्या म्हणजे स्प्रिंगा नीट बसतात, स्टिअरिंग सरळ. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका कारण हवा कमी-जास्त झाली की आकडा बदलतो. चारही कोपरे वहीत लिहा.

मग दुसऱ्यांदा मोजा, पण यावेळी गाडीत घरची सगळी माणसं बसवून आणि नेहमीचं सामान ठेवून. शेतावर जाताना खताच्या पोत्या टाकत असाल तर त्या पण टाका. या दोन मोजमापांतला फरक तुम्हाला सांगतो की मागची स्प्रिंग किती दबते. मागं खूप दबत असेल तर अडचण उंचीची नसून स्प्रिंगच्या ताकदीची आहे, किंवा गाडी जुनी असेल तर स्प्रिंग बसलेली आहे. सेकंडहँड बोलेरो किंवा जुनी थार घेतलेल्यांनी हे नक्की करावं, कारण अशा गाड्यांत मागचे पाटे (एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) वर्षानुवर्षं ओझं वाहून सरळ झालेले असतात, नुसते चांगले नवे पाटे टाकले तरी कंपनीची मूळ उंची परत मिळते आणि तीच पुष्कळ होते.

पायरी ३: तुमच्या गाडीच्या खाली काय आहे ते समजून घ्या

सगळ्या गाड्यांना एकच किट चालत नाही, आणि एकाच नावाच्या दोन गाड्यांतही फरक असतो.

२०२० ची नवी थार: पुढं दोन आर्म असलेलं इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं स्वतंत्र वर-खाली होतात), शॉकअपवर स्प्रिंग बसवलेली, मागं सरळ अॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. त्याच्या आधीची थार सीआरडीई: पुढं टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागं पाटे. नाव एक पण पूर्ण वेगळी गाडी. जिमनी: पुढं-मागं दोन्हीकडं सरळ अॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. जिप्सी: चारही बाजूला पाटे. नवी गुरखा: पुढं इंडिपेंडंट, मागं सरळ अॅक्सल, सगळीकडं कॉइल. तुमची गाडी यात नसेल तर जॅक न लावता नुसतं वाकून टॉर्च मारा, मागं लांब पट्ट्या एकावर एक दिसल्या तर पाटे, गोल वेटोळं दिसलं तर कॉइल.

पायरी ४: लिफ्ट कुठल्या प्रकारची

स्पेसर. म्हणजे मूळ स्प्रिंग तीच, वर किंवा खाली एक जाड चकती टाकायची. सगळ्यात स्वस्त म्हणून सगळ्यात जास्त विकलं जातं. जिमनीसारख्या गाडीत जिथं स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत तिथं स्पेसर टाकला की बॉडी उचलते पण शॉकअप तेवढाच लांब राहतो, म्हणजे गाडी उभी असतानाच शॉकअप अर्धा ओढलेला. मग स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली लोंबायला लागलं की शॉकअप संपतो आणि ठक्क करून आवाज येतो, आणि त्या ठोक्यांनी काही दिवसांत शॉकअप गळायला लागतो. नव्या थारच्या पुढच्या बाजूला गोष्ट उलटी, तिथं स्पेसर पूर्ण शॉकअपच्या डोक्यावर बसतो, सगळा संच खाली ढकलला जातो, त्यामुळं चाक आधीपेक्षा जास्त खाली लोंबतं आणि अॅक्सलचे सीव्ही जॉइंट (चाक वळलं-हललं तरी त्याला ताकद पोचवणारे सांधे), वरच्या आर्मचा बॉल जॉइंट हे त्यांच्या हद्दीपलीकडं वाकतात. म्हणून स्पेसर टाकायचाच असेल तर एक इंचाच्या आत, आणि मागचा-पुढचा तोल जुळवायला, उंची वाढवायला नाही.

अॅक्सेसरीच्या दुकानात स्प्रिंगच्या वेटोळ्यात अडकवायचे रबर मिळतात, ती लिफ्ट नाही. एका वेटोळ्याचं काम बंद पडतं आणि बाकीच्यांवर ताण येतो, गाडी नुसती कडक होते. घेऊ नका.

स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही बदलायचं, जोडीनं. रोजच्या गाडीसाठी मी फक्त याचंच नाव घेईन. स्प्रिंग नवीन उंचीची, शॉकअप त्या उंचीला पुरेल एवढ्या लांबीचा आणि त्या स्प्रिंगच्या ताकदीला जुळणारा. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग ही ऑस्ट्रेलियन नावं तुम्ही ऐकली असतील, ते लोक असेच जुळवलेले संच करतात, आणि इतरही आहेत, नावापेक्षा महत्त्वाचं हे की स्प्रिंग एका दुकानाची आणि शॉकअप दुसऱ्याचा असं करू नका, जोपर्यंत दोन्हीचे आकडे कुणी जाणकारानं जुळवून दिलेले नाहीत.

पाटेवाल्या गाड्यांत तीन गोष्टी सांगतात. एक, जास्तीचा पाटा टाकणं, गाडी उचलते पण रिकामी असताना उड्या मारते, घरच्यांची पाठ जाते. दोन, जुन्याच पाट्यांना कमान मारून घेणं, स्वस्त पडतं पण थोड्या दिवसांत परत बसतात. तीन, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) लावणं, ज्यात दोन इंच लांब शॅकलनं गाडी जेमतेम एक इंच उचलते आणि अॅक्सलचा कोन फिरतो, त्यामुळं प्रॉपेलर शाफ्टला (अॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याला) कंप येतो. या तिन्हीपेक्षा योग्य कमानीचे नवे पाटे आणि नवे शॉकअप हेच बरं.

जुन्या थारचा टॉर्शन बार पाना लावून फिरवला की पुढची बाजू फुकटात उचलते, म्हणून सगळे करतात. थोडासा, म्हणजे मागच्याशी लेव्हल करण्यापुरता ठीक. जास्त पिळला तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात पुढून धडधड येते.

बॉडी लिफ्टबद्दल एवढंच, चासी आणि बॉडीच्या मधे ठोकळे घालून बॉडी वर, चासी तिथंच. पोट घासायचं थांबत नाही. रोजच्या गाडीला नको.

पायरी ५: दीड-दोन इंचच का, तीन का नाही

कारण दोन इंचांपर्यंत गाडीचे बाकीचे भाग साधारण सांभाळून घेतात, त्याच्या वर गेलं की एकेक भागाची साखळी सुरू होते आणि प्रत्येकाचं वेगळं बिल.

जिमनीसारख्या सरळ अॅक्सलच्या गाडीत उंची वाढली की पुढचा अॅक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं असलेला झुकाव, कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं बंद होतं आणि हायवेला गाडी इकडंतिकडं भटकते, सतत धरून ठेवावी लागते. त्यासाठी कॅस्टर करेक्शनचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) मिळतात, दीड इंचाच्या पुढं जिमनीला मी ते धरूनच चालतो. शिवाय अॅक्सलला चासीखाली मधोमध धरून ठेवणारा आडवा पॅनहार्ड रॉड असतो, उंची वाढली की तो अॅक्सलला काही मिलीमीटर एका बाजूला ढकलतो, जास्त लिफ्टला अॅडजस्टेबल रॉड लागतो. आणि ८० च्या आसपास खड्डा लागल्यावर स्टिअरिंग जोरात थरथरायला लागलं तर लिफ्टला दोष द्यायच्या आधी टायरचं बॅलन्सिंग, पॅनहार्डचे बुश, बॉल जॉइंट आणि किंगपिनचे बेअरिंग बघा, बहुतेक वेळा ढिलेपणा तिथं असतो आणि लिफ्टनं तो फक्त उघडा पाडलेला असतो.

थारसारख्या इंडिपेंडंटमधे कॅम्बर आणि टो (चाक उभ्यात किती कललंय आणि समोर किती आत-बाहेर बघतं ते कोन) बदलतो, सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, त्याचं रबरी बूट लवकर फाटतं आणि एकदा आपल्या धुळीनं ग्रीसमधे प्रवेश केला की जॉइंट टिकत नाही. तीन इंचाला वेगळे वरचे आर्म, डिफरन्शियल खाली घ्यायचे ब्रॅकेट, लांब ब्रेक पाईप, असं वाढत जातं. एवढं सगळं करणारे लोक आहेत, त्यांची गाडी ट्रेलवरच चालते. तुमची गाडी पुणे हायवेला सकाळी सहाला निघून दुपारी परत येणारी आहे, तिला हे ओझं कशाला.

आणि उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर गाडी जास्त झुकते, ट्रक बाजूनं गेला की वारा जास्त जाणवतो. दीड इंचाला आठवड्याभरात सवय होते. तीन इंचाला घरची माणसं मागच्या सीटवर बसायला नको म्हणतात.

पायरी ६: स्प्रिंग किती कडक, इथं घाई नको

दुकानदार विचारेल लाइट, मीडियम का हेवी. बहुतेक नवीन माणूस हेवी म्हणतो कारण मजबूत वाटतं. पण स्प्रिंगची ताकद ही कायम गाडीवर असणाऱ्या वजनाप्रमाणं ठरते, क्वचित येणाऱ्या वजनाप्रमाणं नाही. रोज गाडीत तुम्ही एकटे आणि एक बॅग असाल तर हेवी स्प्रिंग दबणारच नाही, गाडी खड्ड्यांवरून टपाटपा उडेल, टायर जमीन सोडेल आणि ब्रेक मारताना अंतर वाढेल. उलट पुढं स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) लावलेली असेल तर नाकावर कायमचं ७०-१०० किलो बसलं, तिथं पुढं एक नंबर वरची स्प्रिंग पाहिजेच, नाहीतर लिफ्ट करूनही नाक खाली.

म्हणून दुसऱ्या पायरीतली वही काढा. दुकानदाराला स्पष्ट सांगा, पुढं कायम एवढं जास्तीचं वजन, मागं कायम एवढं, महिन्यातून दोन-तीनदा मागं एवढं सामान. तो जर हे ऐकून न घेता सरळ किट काढून समोर ठेवायला लागला तर दुसरं दुकान बघा. आणि पुढं काही जड लावायचा विचार असेल तर आधी ते ठरवा, नंतर स्प्रिंग घ्या, उलटं केलं तर स्प्रिंगचे पैसे दोनदा जातात.

एक बारीक गोष्ट, काही किटमधे डाव्या-उजव्या स्प्रिंगची उंची थोडी वेगळी असते कारण ड्रायव्हर आणि टाकी एकेका बाजूला असतात. डबा उघडल्यावर खूण बघून लावायची.

पायरी ७: शॉकअपवर पैसे वाचवू नका

स्प्रिंग गाडी उचलून धरते, पण गाडी कशी चालते ते शॉकअप ठरवतो. खडबडीत रस्त्यावर सतत वर-खाली होऊन आतलं तेल तापतं, तेल पातळ पडतं आणि फेस धरला की शॉकअप ढिला पडतो, गाडी डोलायला लागते. आता आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, डांबर त्याहून तापलेलं, अक्कलकोट रोडवरून आत वळून तासभर खडीच्या रस्त्यानं गेलं की शॉकअपला हात लावता येत नाही. म्हणून गॅस भरलेला शॉकअप घ्या, नायट्रोजनचा दाब तेलाला फेस धरू देत नाही. मोनोट्यूब उष्णता पटकन बाहेर टाकतो पण त्याची नळी बाहेरून दगड लागून चेपली तर शॉकअप गेला, ट्विनट्यूबला दोन नळ्या असल्यामुळं तो मार सहन करतो आणि रोजच्या चालण्यात थोडा मऊही वाटतो. शहर जास्त आणि माती कमी अशा गाडीला चांगला मोठ्या व्यासाचा ट्विनट्यूब गॅस शॉकअप मला जास्त पटतो. मागं वेगळा रिझर्व्हॉयर असलेले महागडे प्रकार रोजच्या गाडीला लागत नाहीत.

बजेट कमी असेल तर थांबा, पैसे साठवा, पण अर्धं काम करू नका. नव्या उंच स्प्रिंगांवर जुने शॉकअप हा सगळ्यात वाईट सौदा.

पायरी ८: टायर

खरं तर ही पायरी पहिली असायला पाहिजे. जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास साधारण ६९३ मिलीमीटर. २१५/७५ आर १५ टाकला तर व्यास ७०३ च्या आसपास, म्हणजे गोळ्याखाली जेमतेम ५ मिलीमीटर मिळाले. २३५/७५ आर १५ टाकला तर ७३३, म्हणजे २० मिलीमीटर मिळाले, पण स्पीडोमीटर ५-६ टक्के कमी दाखवणार, टायर जड म्हणून पिकअप आणि अॅव्हरेज पडणार, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर कुठं घासतो का ते बघावं लागणार. ५० मिलीमीटर लिफ्ट कशाला असं कुणी विचारलं तर याला एक उत्तर हे पण आहे, मोठ्या टायरला मडगार्डमधे जागा व्हायला.

नव्या थारला कंपनीच दोन साईज देते, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. मोठ्या अठराच्या रिमपेक्षा सोळाच्या रिमवर टायरची भिंत उंच राहते, दगडगोट्यांत ती जास्त आरामाची आणि टिकाऊ. कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या साईजच्या आत राहून नक्षी मात्र ऑल टेरेन (रस्ता आणि माती दोन्हीला चालणारी) घ्या, मड टेरेन (चिखलासाठी खोल खाचांचे टायर) नको, ते डांबरावर आवाज करतात आणि पावसात ब्रेकिंगला कमी पडतात. आणि हवेचा छोटा काँप्रेसर गाडीत ठेवा. सीनेच्या किंवा भीमेच्या पात्रातल्या वाळूत १८-२० पीएसआयपर्यंत हवा उतरवली तर गाडी अशी निघते की लिफ्टची आठवण येत नाही, डांबरावर येताच परत हवा भरायची एवढंच.

पायरी ९: कायदा, इन्शुरन्स, वॉरंटी

हे टाळून पुढं जाऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेले तपशील कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाहीत असा बदल मालकानं करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानंही हेच ठासून सांगितलं. कलम १८२ए खाली परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून काम करायच्या आधी एमएच १३ च्या आपल्या आरटीओत जाऊन विचारा, इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअरनं खाली वाकून बघितलं आणि त्याला न सांगितलेली स्प्रिंग दिसली तर क्लेम अडकतो. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, काही कंपन्यांच्या स्वतःच्या अॅक्सेसरीत काय मिळतं ते पण बघा. वॉरंटी संपेपर्यंत थांबून तेवढ्यात चांगले टायर टाकून गाडी शिकणं हा पण शहाणपणाचा रस्ता आहे.

पायरी १०: बसवायचा दिवस

दिवसभर तिथं थांबा. गाडी सोडून कामाला जाऊ नका. मेकॅनिकला काकुळतीनं नाही, सरळ सांगा की काका, हे एवढं माझ्या समोर करा.

बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना पक्के आवळायचे नाहीत. हाताला लागतील एवढे लावा, गाडी चाकांवर जमिनीला उतरवा, मग आवळा. वर असताना आवळले तर खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बहुतेक ठिकाणी ही एक गोष्ट चुकते आणि मग लोक म्हणतात किट खराब होतं.

चाक पूर्ण खाली लोंबत असताना ब्रेकचे रबरी पाईप आणि एबीएसची वायर ताणली जाते का ते बोट लावून बघा, मग स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून परत बघा. नट टॉर्क पान्यानंच आवळायचे. त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट, आणि ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग सेन्सर झिरो करून घ्या नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागतो. हेडलाईट खाली करून घ्या, गाडी उंच झाली म्हणजे लाईट समोरच्याच्या डोळ्यात जाते, विजापूर रोडला रात्री समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव त्यात अडकलेला असतो.

संध्याकाळी परत त्याच फरशीवर चार कोपरे मोजून वहीत लिहा. स्प्रिंगा पहिल्या हजार किलोमीटरमधे थोड्या बसतात, म्हणून ५०० ला सगळे बोल्ट परत चेक करा, १,००० ला परत मोजा आणि अलाइनमेंट परत करा. डाव्या-उजव्यात पाच-सात मिलीमीटरपेक्षा जास्त फरक राहिला तर परत गॅरेजला.

पहिले काही दिवस गाडी हळू चालवा, टेंभुर्णीपर्यंत जाऊन या, ८० वर ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग सरळ येतं का. आई किंवा आजी गाडीत बसत असेल तर लगेच साईड स्टेप लावून घ्या, दोन इंच आपल्याला कळत नाहीत पण त्यांच्या गुडघ्याला कळतात. आणि मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप भंगारात देऊ नका, गाडी विकताना, आरटीओत काही अडलं किंवा वॉरंटीच्या कामाला त्या परत बसवाव्या लागतात. तेलाचं बोट फिरवून, कुठली पुढची कुठली मागची, डावी का उजवी ते मार्करनं लिहून पोत्यात बांधून ठेवा.